ब्रेक कोणी दाबला?

सन 1904 हे तीन गोष्टींसाठी लक्षात ठेवण्याजोगे वर्ष आहे. त्या वर्षी 29 मार्चला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांना विद्युतलहरी टिपणाऱ्या उपकरणाचे पेटंट बहाल केले. 30 एप्रिलला जर्मनीत ख्रिस्तियान ह्युल्समायर या बावीस वर्षांच्या तरुणाने धुक्यातली जहाजे हेरणाऱ्या यंत्राचे पेटंट नोंदवले. आणि 27 ऑक्टोबरला न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांलगत लोखंडी दांडे बसवलेले होते. सिग्नल लाल असताना एखादी गाडी पुढे सरकलीच, तर उभा राहिलेला दांडा डब्याखालच्या ब्रेकच्या झडपेला अडायचा आणि चालकाला काहीएक न विचारता गाडी जागच्या जागी थांबायची. या तिघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नव्हता. तरी आज पुण्याच्या किंवा नाशिकच्या रस्त्यावर नव्या मोटारीच्या चालकाचे पुढच्या टेम्पोकडे क्षणभर दुर्लक्ष होते, समोर लाल चिन्ह लुकलुकते, कर्कश आवाज होतो आणि त्याचा पाय हलायच्या आत गाडी कचकन थांबते, तेव्हा तिथे ही तिन्ही घराणी एकत्र आलेली असतात. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत याला ‘ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग’, थोडक्यात एईबी, म्हणतात. शोरूममधला विक्रेता ‘साहेब, यात ॲडास आहे’ एवढे सांगून मोकळा होतो.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस जुनी आहे. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कुठे गेली, कोण दत्तक आला, सारे त्यात नोंदलेले असते. या ब्रेकचा तसा वृत्तान्त मांडू लागलो की एक गंमत आपल्या ध्यानात येते. गाडी आपोआप थांबवण्याची विद्या माणसाला फार लवकर साधली. विनाकारण न थांबण्याची विद्या साधायला मात्र शंभरावर वर्षे गेली, आणि ती अजूनही पुरती साधलेली नाही.

आरंभ थांबवणाऱ्या शाखेपासून करू. बैलगाडीच्या काळात वाहनाला स्वतःचे डोळे होते. गाडीवान पेंगला तरी बैल ओढ्यात उतरत नसत आणि वाटेत आडव्या पडलेल्या माणसावर चालून जात नसत. आगगाडी आली आणि हे दुसरे शहाणपण वाहनातून गेले. सुरुवातीच्या आगगाड्यांत ब्रेक लावण्यासाठी माणसे नेमलेली असत. इंजिनाची शिटी वाजली की त्यांनी आपापल्या डब्याचे चाक हाताने पिळायचे. अमेरिकेत तर मालगाडीच्या टपावरून, पावसात आणि बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत हे काम चाले. 1869 मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुणाने दाबलेल्या हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि सगळ्या डब्यांचे ब्रेक इंजिनचालकाच्या एका मुठीत आले. पिट्सबर्गहून सुटलेल्या पहिल्याच चाचणी-गाडीपुढे रुळांवर एक घोडागाडीवाला पडला आणि चालकाने त्याच्यापासून चार फुटांवर गाडी उभी केली, अशी कथा सांगतात. कथा जरा जास्तच जमून आलेली आहे, पण वेस्टिंगहाउसचे खरे कर्तृत्व तिच्यात नाहीच. ते 1872 मधले आहे. त्याच्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा भरली की ब्रेक लागायचा. नळी फुटली की ब्रेकही गेला. तीन वर्षांनी त्याने ‘ट्रिपल व्हॉल्व्ह’ बसवून हा सगळा व्यवहार उलटा केला. आता नळीतला हवेचा दाब ब्रेकला सोडून ठेवायचा. नळी फुटली, डबा तुटला, काहीही बिघडले की दाब उतरायचा आणि प्रत्येक डब्यातल्या टाकीतली हवा ब्रेक आवळायची. शंका आली की थांब, हा नियम लोखंडात ओतला गेला तो इथे.

लोकांनी तो लगेच स्वीकारला असता, तर इतिहासकारांना फारसे काम उरले नसते. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्या खर्चाची कुरकुर करत राहिल्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या धार्मिक शाळेतल्या मुलांची सहल घेऊन एक लांबलचक गाडी निघाली. चढावर इंजिन दमले. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचा, असे ठरले. तिचा ब्रेक निर्वात नळीचा होता, पण स्वयंचलित नव्हता. डबे सोडवताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक सुटला. गार्डच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली सरकवलेले दगड एवढ्यावर ते डबे उभे होते. पुढच्या भागाने निघताना किंचित मागे धक्का दिला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे 80 माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. हा क्रम नीट पाहून ठेवू या, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे: युक्ती आधीच तयार असते, ती अंगणात तिष्ठत उभी राहते, आणि तिला घरात घेतात ते प्रेते मोजून झाल्यावर.

चालकावर भरवसा न ठेवणारी अशी यंत्रणा पाहायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी खंडाळ्याचा घाट उतरताना मंकी हिलला फलाट नसताना का थांबते, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांना पडत आला आहे. तिथे पुढचा सांधा एरवी कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर जाऊन संपणाऱ्या आडरुळाकडे, वळवलेला असतो. चालकाने गाडी ठरल्या जागी पूर्ण थांबवून दाखवली, तिचा ब्रेक शाबूत आहे हे सिद्ध केले, की मगच मुख्य मार्ग खुला होतो. 1 : 37 चा तो उतार आहे, सिद्धतेआधी विश्वास ठेवणे तिथे परवडणारे नव्हते.

रेल्वेला एक सोय मात्र होती, ती रस्त्याला कधीच मिळाली नाही. रुळांवर शंका आली की थांबले तरी सहसा बिघडत नाही, कारण मागच्या गाडीला सिग्नल अडवून धरतो. रस्त्यावर मागे कोण आहे, किती अंतरावर आहे आणि जागा आहे की झोपलेला, याचा काही नेम नाही. तिथे अवेळी थांबणे हाच अपघात असू शकतो.

मोटारीच्या ब्रेकची वाटचाल आपण भराभर पाहू. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून तिने त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगचा जन्म तो. 1902 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लोकांना त्याची किंमत कळली 1953 मध्ये, तोच ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. 1921 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. ब्रेक बळकट होत गेला, पण दाबणारा पाय माणसाचाच राहिला.

आता बघणारी शाखा. तिचा मूळ पुरुष शोधायचा तर आपल्याला कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जावे लागते. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी शहराच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून लांबची घंटा वाजवून दाखवली. युरोपात तेव्हा बहुतेक काम मोठमोठ्या लांबीच्या लहरींवर चालले होते. बोस यांनी मात्र त्या बारीक, आणखी बारीक करत 5 मिलिमीटरपर्यंत आणल्या; त्यांना प्रकाशाचे गुणधर्म लहरींत तपासायचे होते, आणि त्यासाठी टेबलावर मावतील अशी लहान उपकरणे हवी होती. पुढे सारे जग लांब लहरींच्या मागे गेले आणि ही बारीक लहर अडगळीत पडली. आज मोटारीच्या बंपरमागे किंवा बोधचिन्हामागे जे रडार असते, त्याची लहर सुमारे 4 मिलिमीटरची असते. बोस यांच्या मनात मोटार नव्हती, पण शंभर वर्षांनी अभियंत्यांनी जी वाट धरली, ती त्यांच्या टेबलावरून गेलेली होती.

ह्युल्समायरने मे 1904 मध्ये कोलोन शहरात ऱ्हाइनकाठी आपले यंत्र दाखवले, तेव्हा त्यातही घंटाच होती. लहर नदीवरच्या जहाजावर आपटून परतली की घंटा वाजे. जून महिन्यात रॉटरडॅमला जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींनी ते पाहिले, वाखाणले आणि विकत घेतले नाही. जर्मन नौदलालाही त्यात रस वाटला नाही. बिचाऱ्याचे यंत्र समोर काहीतरी आहे एवढे सांगे. ते किती दूर आहे, हे थेट सांगता येत नसे. टक्कर टाळण्यासाठीच बनवलेले ते पहिले लहरींचे यंत्र तीस वर्षे विस्मृतीत गेले. 26 फेब्रुवारी 1935 रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी विमानावरून परतलेली लहर टिपली, आणि मग युद्धाने रडारला जे दिले ते शांततेने कधी दिले नसते.

युद्ध संपल्यावर हे सामान मोटारीकडे वळले. मधल्या काळातला एक माणूस इथे आठवतोच. राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता पाचव्या वर्षी अंध झालेला. त्याचा वकील मोटार चालवताना बोलू लागला की वेग कमी करी, ऐकू लागला की वाढवी. या हिसक्यांना विटून टीटरने वेग कायम राखणारे यंत्र बनवले. 1950 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1958 मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत ते आले. आजच्या क्रूझ कंट्रोलचा जनक स्वतः गाडी चालवू न शकणारा माणूस आहे, हे मला फार समर्पक वाटते. चालकाच्या खोडी शेजारच्या आसनावरच नीट कळतात. 1959 मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक सायक्लोन नावाची दिखाऊ गाडी काढली. तिच्या नाकाडावर दोन काळे शंकू होते आणि त्यांत रडार. समोर अडथळा आला की दिवा आणि आवाज. ब्रेक मात्र आपणच दाबायचा. 1970 च्या दशकात बेंडिक्ससारख्या कंपन्यांनी रडारला ब्रेक जोडूनही पाहिला, आणि दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या पैशाने मिनिकार्स कंपनीने रडार-ब्रेक असलेली सुरक्षित मोटार तयार केली. तिचा फारसा मागमूस उरला नाही. बहुतेक नमुने पुढे सरकारनेच मोडीत काढले.

मग 1979 मध्ये जमलेली गोष्ट बाजारात यायला आणखी जवळजवळ पंचवीस वर्षे का लागली? किंमत आणि आकार ही कारणे होतीच. पण खरी अडचण रडारच्या स्वभावात होती. प्रागच्या ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 मध्ये मांडलेल्या तत्त्वामुळे रडारला समोरची वस्तू किती वेगाने जवळ येते हे अचूक कळते; ती वस्तू काय आहे, हे मात्र धड कळत नाही. गटाराचे लोखंडी झाकण, पुलाचा कठडा, डोक्यावरचा दिशाफलक, वळणावर शेजारच्या लेनमध्ये उभा असलेला ट्रक, सगळेच त्याला भक्कम अडथळे भासतात. प्रत्येक झाकणापाशी थांबणारी मोटार कोण विकत घेईल? म्हणून अभियंत्यांनी एक तडजोड केली: जे हलत नाही, त्याकडे काणाडोळा करायचा. चालत्या गाडीच्या मागे अंतर राखायला हे पुरेसे होते, आणि 1999 मध्ये मर्सिडीजने याच बळावर ‘डिस्ट्रॉनिक’ ही अंतर राखणारी यंत्रणा आणली. भर रस्त्यात बंद पडलेला ट्रक मात्र या तडजोडीत बसत नव्हता. महामार्गावर जीव घेतो तो नेमका तोच.

दरम्यान ब्रेकच्या शाखेत एक दत्तकविधान झाले आणि त्याने सगळे चित्र पालटले. विमानांसाठी डनलॉपने काढलेली चाक न अडू देणारी यंत्रणा 1966 मध्ये जेन्सन या ब्रिटिश मोटारीत आली होती; 1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीजने तिला इलेक्ट्रॉनिक मेंदू दिला आणि एबीएस जन्मला. 1992 मध्ये बर्लिनच्या चालन-सिम्युलेटरवर मर्सिडीजच्या अभियंत्यांना दिसले की संकटात बहुतेक चालक ब्रेक झटकन दाबतात, पण पुरेसा जोरात दाबत नाहीत. 1996 मध्ये पायाच्या घाईवरून हेतू ओळखून उरलेला जोर स्वतः लावणारा ‘ब्रेक असिस्ट’ आला. 1995 च्या स्थिरता नियंत्रणाने तर पेडलला पाय न लागताही हव्या त्या एका चाकाचा ब्रेक लावायला सुरुवात केली होती. ही महाग मौज राहिली असती. पण 21 ऑक्टोबर 1997 रोजी स्वीडनमध्ये एका नियतकालिकाच्या चाचणीत, आडव्या आलेल्या मूस हरणाला चुकवावे तसे वळण घेताना, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. अब्रू वाचवण्यासाठी कंपनीने ती यंत्रणा त्या स्वस्त गाडीत सरसकट बसवली, आणि मग इतरांनाही मागे राहणे अवघड झाले. पायाशिवाय ब्रेक लावणारा पंप घरोघरी पोचला तो असा.

2003 च्या जूनमध्ये जपानमध्ये होंडाने ‘इन्स्पायर’ मोटारीत रडार आणि हा पंप यांची गाठ घालून दिली. यंत्राने स्वतःहून आपत्कालीन ब्रेक लावणारी, बाजारात विकली गेलेली ती पहिली मोटार. तिच्या यंत्रणेच्या नावातच धडक ‘सौम्य’ करण्याची भाषा होती, टाळण्याची नव्हती. गाडी पूर्ण थांबते म्हटले की चालक बेफिकीर होतील, ही तिथल्या परिवहन खात्याची धास्ती. अशाच संकोचातून मर्सिडीजने एक वेळापत्रक बसवले. धडकेला 2.6 सेकंद उरले की इशारा, 1.6 सेकंद उरले की अंशतः ब्रेक, आणि 0.6 सेकंद उरले की पूर्ण. शेवटचा आकडा मोठा बोलका आहे. त्या क्षणी निष्णात चालकालाही ना सुकाणू वळवून सुटता येते, ना ब्रेक दाबून. माणसाच्या हातात काहीच उरले नाही, हे गणिताने पटल्यावरच यंत्राला पूर्ण अधिकार मिळायचा. खोट्या इशाऱ्याच्या भीतीवर काढलेला हा तोडगा होता.

2008 मध्ये व्होल्व्होने दुसऱ्या बाजूने वाट काढली. तीस किलोमीटरच्या आतल्या वेगात, शहरी कोंडीत, काचेमागच्या लेझरने पुढची काही मीटरच पाहायचे आणि गाडी थेट उभी करायची. कमी वेगात चुकून थांबलो तरी नुकसान थोडे. 2010 मध्ये सुबारूने दोन कॅमेऱ्यांच्या ‘आयसाइट’ची सुधारित आवृत्ती सुमारे एक लाख येनांत दिली आणि श्रीमंतांची गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. रडारला वेग कळतो, कॅमेऱ्याला रूप. दोघांची साक्ष जुळली तरच ब्रेक लावायचा, अशी रीत पुढे रुळली. त्याच वर्षी मे महिन्यात पत्रकारांसमोर व्होल्व्होची नवी एस-60 न थांबता उभ्या ट्रकच्या पाठीत घुसली. बॅटरीचा दाब उतरल्याने यंत्रणा झोपली होती. वेस्टिंगहाउसचा दाब उतरला की गाडी थांबायची. इथे दाब उतरल्यावर ती थांबलीच नाही. सुमारे एकशे चाळीस वर्षांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

पुढचा प्रवास कायद्यांचा आणि आकड्यांचा आहे. युरोपीय संघाने नोव्हेंबर 2013 पासून नव्या प्रकारच्या अवजड वाहनांना आणि 2015 पासून सर्वच नव्या अवजड वाहनांना ही यंत्रणा बंधनकारक केली. ट्रक आधी, मोटारी नंतर, हा क्रम ध्यानात असू द्या. 2014 पासून मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या तारांकनात तिचे गुण धरले जाऊ लागले. मोटारींसाठी युरोपात 2022 मध्ये नव्या मॉडेलांना आणि जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची झाली. अमेरिकेत वीस कंपन्यांनी 2016 मध्ये स्वेच्छेने शब्द दिला. एप्रिल 2024 मध्ये सरकारने नियम काढला, त्यात सप्टेंबर 2029 ची मुदत घातली. फायदा निर्विवाद आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेच्या पाहणीत पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे प्रकार निम्म्याने घटलेले आढळले. पादचाऱ्यांना ठोकरण्याचे प्रमाणही सुमारे 27 टक्क्यांनी कमी दिसले, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. खेड्यातून जाणारा राज्य महामार्ग डोळ्यांपुढे आणला की या एका वाक्याचे वजन कळेल.

आणि तरी खोट्या इशाऱ्याचे भूत पाठ सोडत नाही. 18 मार्च 2018 रोजी ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला चिरडले. गाडी व्होल्व्होचीच होती, पण संगणक चालवत असताना कारखान्यातून आलेली तिची ब्रेक यंत्रणा बंद ठेवली जाई. उबरच्या स्वतःच्या यंत्रणेला ती स्त्री पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, यावर यंत्राचे मत बदलत राहिले. शिवाय विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून धोका ओळखल्यावरही एक सेकंद गप्प राहायचे, असा आदेश त्याला दिलेला होता. उलट बाजूला, 2022 मध्ये मोकळ्या महामार्गावर अकारण ब्रेक लागल्याच्या 354 तक्रारींवरून अमेरिकी सरकारने टेस्लाच्या सुमारे 4 लाख 16 हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. कमी थांबले तर जीव जातो, जास्त थांबले तरी जाऊ शकतो.

हाच पेच आपल्या कोकण रेल्वेनेही अनुभवला. ऑगस्ट 1999 मध्ये ईशान्य सीमा रेल्वेच्या गैसल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. त्या काळात कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांनी उपग्रहावरून गाडीचे स्थान घेऊन टक्कर रोखणारे ‘रक्षा कवच’ तयार केले आणि ईशान्य सीमा रेल्वेवर ते बसवलेही. शेजारशेजारच्या दोन रुळांतला फरक उपग्रहाला नीट ओळखता येईना, आणि पलीकडच्या रुळावरच्या गाडीला भिऊन गाड्या थांबू लागल्या. ते बाजूला पडले. आजचे ‘कवच’ रुळांवर बसवलेल्या टॅगवरून आपला रूळ ओळखते. 4 मार्च 2022 रोजी सिकंदराबादजवळच्या चाचणीत त्याने रेल्वेमंत्र्यांना घेऊन निघालेले इंजिन समोरच्या इंजिनापासून 380 मीटरवर थांबवले.

रस्त्यावर ही यंत्रणा आपल्याकडे अगदी अलीकडे उतरली: 2020 मध्ये एमजी ग्लोस्टर, 2021 मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही 700, आणि आता मध्यम किमतीच्या कितीतरी गाड्या. नागपुरात सप्टेंबर 2021 पासून ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवले गेले; ते ब्रेक लावत नाहीत, चालकाला इशारा देतात आणि धोका कुठे वारंवार येतो याची नोंद ठेवतात. युरोपच्या लेनमध्ये वाढलेले हे यंत्र आपल्या रस्त्यावर भांबावलेलेच असते. दोन गाड्यांच्या फटीतून घुसणारी दुचाकी, टोलनाक्यावर तिरकी शिरणारी जीप, कठड्यावरून उतरून मध्येच उभी राहणारी गाय. यंत्र ओरडते, मालक वैतागतो आणि सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतो. तसे करू नये. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर हवा की उशिरा हे निवडता येते. शहरासाठी उशिराचा पर्याय ठेवला की पुष्कळ कटकट मिटते. ॲक्सिलरेटर ठामपणे दाबला तर बऱ्याच गाड्यांत ब्रेक माघार घेतो, हे ठाऊक असावे, कारण गोंधळून चुकीचे पेडल दाबणाऱ्यालाही तेच लागू होते. पुढची काच बदलली किंवा बंपर रंगवला की कॅमेरा-रडारचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. बुल बार तर 2017 पासून नियमबाह्यच आहेत, आणि ते रडारच्या वाटेतही येतात. दसऱ्याला बोधचिन्हावर बांधलेला झेंडूचा भरगच्च हार पूजा झाल्यावर काढून ठेवावा.

मोटारमालकाच्या सोयीपलीकडे पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 74,897 दुचाकीवरची आणि 32,825 पायी चालणारी, म्हणजे जवळजवळ 64 टक्के माणसांच्या भोवती पत्रा नव्हता की काच नव्हती. वीस लाखांच्या मोटारीतले एईबी त्यांच्यापैकी काहींना वाचवील, पण त्यांना सर्वात मोठी भीती असते ती मागून येणाऱ्या ट्रकची आणि बसची. मोटारवाल्यालाही तीच. एक्स्प्रेसवेवर त्याची गाडी चोख थांबली, तरी मागचा बारा चाकी ट्रक थांबेलच असे नाही. अवजड वाहनांच्या या ब्रेकसाठीचे भारतीय मानक, एआयएस-162, पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेकडे ज्या मानकसमितीचे सचिवालय आहे, तिच्याच मालिकेतले आहे. मार्च 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आठांहून अधिक प्रवाशांची वाहने आणि साडेतीन टनांवरचे ट्रक यांना ही यंत्रणा बंधनकारक करण्याचा मसुदा काढला; त्यात नव्या मॉडेलांसाठी एप्रिल 2026 आणि चालू मॉडेलांसाठी ऑक्टोबर 2026 अशा तारखा घातल्या. आर्मानंतर ब्रिटिश संसदेने काही आठवड्यांत कायदा केला, तेव्हाही कंपन्यांनी खर्चाचेच कारण पुढे केले होते. मोटारींची तारांकने थोडी मागे राहिली तरी चालतील. ट्रक आणि बसगाड्यांच्या बाबतीत मुदतवाढ देऊ नये, आणि ती मागणाऱ्यांना जाहीरपणे हिशेब विचारावा.